गरिबी की गॅस? मेडिको फ्रेंड सर्कलनं भोपाळमध्ये काय केलं

मेडिकलच्या मुलांची संघटना म्हटलं की आपल्याला काय आठवतं? संप. स्टायपेंड, होस्टेल, ड्युटीचे तास. हे प्रश्न खरेच आहेत, मी त्यांना हलकं लेखत नाही. पण आज ज्या गटाबद्दल बोलायचंय, त्याची सुरुवात वेगळ्याच प्रश्नापासून झाली : आपण जे शिकतोय ते नक्की कुणाच्या उपयोगाचं?

साल १९७४. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाचा काळ. तरुण शांती सेनेत वावरणारे काही मेडिकलचे विद्यार्थी आणि नुकतेच पास झालेले डॉक्टर एकत्र आले. आपले अभय बंग त्यांतलेच. पुढे पुण्याचे अनंत फडके, बिनायक सेन अशी कितीतरी माणसं त्यात आली. नाव ठेवलं ‘मेडिको फ्रेंड सर्कल’. नावातलं ‘फ्रेंड’ महत्त्वाचं आहे बरं का. गांधीवादी, मार्क्सवादी आणि यातलं काहीच नसलेले असे सगळे एकत्र बसायचे आणि कडाडून भांडायचे. १९७६ पासून त्यांची पत्रिका निघू लागली.

आता नुसत्या चर्चेनं काय होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणून भोपाळ नीट समजून घेऊ.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट बाहेर पडला. हजारो माणसं गेली. जी वाचली त्यांना महिनोन्‌महिने धाप लागत होती, डोळे चुरचुरत होते, काम होत नव्हतं. त्यावर एक ठरलेलं उत्तर मिळायचं : अहो, ही झोपडपट्टीतली माणसं. यांना टीबी आहे, बिडी ओढतात, खायला नाही. हे सगळं गॅसमुळे कशावरून?

या उत्तरात मेख अशी, की ते थोडं खरं वाटतं! गरीब माणूस आजारी असतोच, असं आपणही मनात धरून चाललेलो असतो. मग एखाद्या कंपनीनं त्याला आणखी आजारी केलं, हे सिद्ध कसं करायचं?

मार्च १९८५ मध्ये सर्कलची टीम तिथे गेली. त्यांनी दोन वस्त्या निवडल्या. एक जे. पी. नगर, कारखान्याच्या अगदी समोर. दुसरी अण्णानगर, बरीच लांब, गॅसची झळ फारशी न लागलेली. गरिबी मात्र दोन्हीकडे सारखीच. बघा, इथेच सगळी गंमत आहे. त्रासाचं कारण गरिबी असेल, तर दोन्ही वस्त्यांत तो सारखाच दिसायला हवा. तो तसा दिसला नाही. जे. पी. नगरमध्ये धाप, खोकला, डोळ्यांच्या तक्रारी कितीतरी जास्त निघाल्या. शिवाय स्त्रियांच्या पाळीच्या तक्रारी, ज्यांच्याबद्दल तोवर कुणी फारसं विचारलंच नव्हतं. त्याच वर्षी सर्कलनं गरोदरपणावरही वेगळा अभ्यास केला.

यात कुठलं महागडं मशीन लागलं? तुलनागट, प्रश्नावली, घरोघरी जाणं. म्हणजे आपलं पी.एस.एम.! ज्या विषयाच्या लेक्चरला मागच्या बाकावर डुलक्या घेतल्या जातात, तोच. त्यावेळी शिबिर भरवून औषधं वाटणं सोपं होतं आणि त्याचीही गरज होतीच. पण ‘तुमचा त्रास खरा आहे आणि तो गॅसचा आहे’ हे आकड्यांत मांडणं हे डॉक्टरच करू शकत होते. माझ्या मते ती वाटलेल्या गोळ्यांहून मोठी मदत होती, कारण नुकसानभरपाईचं भांडण पुढे वर्षानुवर्षं चाललं.

शांततेचा मुद्दा राहिला. २००२ मध्ये गुजरातच्या हिंसाचारानंतरही सर्कलचे लोक तिथे गेले. निर्वासित छावण्यांतलं आरोग्य कसं आहे, जखमींना उपचार मिळताना काय अडचणी आल्या, याचा अहवाल त्यांनी मे महिन्यात काढला. दंगल हाही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, अशीच त्याची मांडणी होती. दवाखान्याच्या दारात पेशंटचं नाव विचारून भीती वाटायला लागली, की तिथे आरोग्यसेवा संपलेलीच असते.

पत्रिकेचे जुने अंक आता इंटरनेटवर वाचायला मिळतात. सुरुवात ८५ सालच्या अंकांपासून करा, आणि प्रश्नावली कशी केली होती तेवढं आधी बघा.