सायकलची सीट आणि साठीचा गुडघा

"डॉक्टर, सायकल आता विकून टाकू का?" साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी गेल्या पावसाळ्यात मला विचारले. सांगली-मिरज रस्त्याने उभी हयात सायकलने ये-जा केलेला हा माणूस. दोन वर्षांपूर्वी पडले, उजव्या गुडघ्याच्या वाटीला तडा गेला. प्लॅस्टर झाले, हाड जुळले. पण पुन्हा सायकल सुरू केल्यापासून वाटीमागे ठणका लागे, जिना उतरताना जास्तच. एक्स-रेमध्ये वयाप्रमाणे थोडी झीज होती, तरी एवढ्या दुखण्याचा उलगडा होईना. शेवटी मी दवाखान्याबाहेर आलो आणि म्हणालो, "जरा सायकलवर बसून दाखवा."

ते बसले आणि दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले. "पडल्यापासून सीट खाली घेतलीय. धीर वाटतो," ते म्हणाले.

दुखण्याचे मूळ बरेचसे तिथेच होते. पडण्याची भीती बसली की माणूस आधी सीट खाली घेतो. पण सीट खाली गेली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि दुमडलेल्या गुडघ्यानेच जोर लावावा लागतो. अशा वेळी वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते. तरुण गुडघा हे सोसतो. एकदा मोडलेली किंवा झिजलेली वाटी कुरकुर करते.

सीटची उंची घरीच तपासता येते. रोजची चप्पल घालून, भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. पायडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवा. गुडघा जवळजवळ सरळ व्हायला हवा, मात्र त्यासाठी कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला राहतो. तेवढा वाक हवा. (आपल्याकडे बरेच जण तळपायाच्या मध्यावर पायडल घेतात. ती सवय मोडा.) उलट, सीट फार वर गेली तर गुडघ्याच्या मागे ताण येतो, कंबर डुलते आणि पाठ धरते.

हा बदल एका दिवसात करू नका. जुनी उंची कळावी म्हणून सीटच्या दांड्यावर चिकटपट्टी लावा. मग पान्याने नट सैल करून अर्धा सेंटीमीटर वर घ्या, नट घट्ट करा आणि आठवडाभर चालवा. त्या आठवड्यात दुसरे काहीही बदलू नका, नाहीतर गुण कशाचा आला ते समजत नाही. दांडा किमान अडीच इंच आत राहिलाच पाहिजे.

मग थांबताना पाय कसे टेकायचे? सीटवरून पुढे सरकून उतरायचे आणि एक पाय जमिनीवर ठेवायचा. दांड्याच्या उंच सायकलवर हे जमत नसेल, खुबा आखडला असेल किंवा पाय मागून टाकताना तोल जात असेल, तर सरळ लेडीज सायकल घ्यावी. इथे पुरुष मंडळींचे तोंड वाकडे होते. माझ्या या रुग्णाचेही झाले. खुब्याचे हाड मोडून तीन महिने अंथरुणावर पडण्यापेक्षा चार लोकांचे हसणे परवडते, असे माझे मत आहे. उभे असतानाही तोल जात असेल, तर मात्र पाना बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या.

काहींचा गुडघा जुन्या दुखापतीमुळे पुरता वाकतच नाही. पायडलचा पूर्ण फेरा मारायला तो साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. त्यापेक्षा कमी वाकत असेल तर सायकलवाल्याकडे आखूड क्रँकची चौकशी करावी. मोठ्यांच्या सायकलची क्रँक बहुधा १७ सेंटीमीटरची असते. ती दोन सेंटीमीटर आखूड केली आणि सीट तेवढीच वर घेतली, तर वरच्या बाजूला गुडघ्याला चार सेंटीमीटर मोकळीक मिळते. अपघातानंतर एक पाय आखूड झाला असेल तर सीट आखूड पायाच्या मापाने लावावी.

हातांचे म्हणाल तर अनुभव माझा स्वतःचा आहे. २०१६ साली घसरून माझे उजवे मनगट मोडले. नंतर सायकलवर वीस मिनिटांत करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होई. शरीराचा भार तळहातावर पडून तिथली नस दबत होती. हँडल दीड इंच वर घेतले, सीटचे पुढे झुकलेले टोक सपाट केले आणि बधिरपणा गेला. साध्या सायकलला हँडलवरचा बोल्ट दोन-तीन फेरे सैल करून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकावे लागते, तेव्हा आतली पाचर सुटते. सीटप्रमाणे हँडलचा दांडाही अडीच इंच आत हवा.

गुडघ्याला सूज आली, तो मध्येच अडकू लागला, रात्री झोपेतही दुखू लागला, पायातली शक्ती कमी झाली किंवा चढावर छातीत भरून आले, तर सीट वरखाली करत बसू नका. तो प्रश्न सायकलचा नाही.

आमच्या गृहस्थांनी पाच आठवड्यांत सीट अडीच सेंटीमीटर वर नेली. ठणका बराच उतरला आहे. सोबत मांडीच्या स्नायूंचा व्यायाम चालू आहे, तोही दिला होताच. सायकल विकायची गोष्ट ते आता काढत नाहीत. सुनेची लेडीज सायकल मात्र पहाटे, रस्त्यावर कोणी नसताना, दोनदा चालवून पाहिली, असे त्यांनी मला हळूच सांगितले.