भंवरकुआं ते मुक्ताईनगर: गटानं बाईकवर निघताना शेवटच्या गाडीचा हिशोब

दिवाळी आटोपली आणि थंडी पडायला लागली की आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय निघतो, यंदा राईड कुठं? जळगाव, रावेर, बुऱ्हाणपूरकडची मंडळी आणि इंदूरला नोकरी-शिक्षणासाठी गेलेली आपली पोरं यांचं त्यावर एक ठरलेलं उत्तर आहे. आदल्या संध्याकाळी इंदूर गाठायचं, नातेवाइकांकडे मुक्काम करायचा आणि पहाटे भंवरकुआंला जमून खंडवा रोडनं खाली निमाडात उतरायचं. नर्मदा ओलांडायची, वाटेत रावेरखेडी करायची आणि आसीरगड, बुऱ्हाणपूरवरून मुक्ताईनगर. इंदूर ते इच्छापूर हा सरळ रस्ता दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रावेरखेडीचा फेरा आणि पुढचं अंतर धरलं तर दिवस पुरतो.

या वाटेवर पहिल्यांदाच गटानं निघणाऱ्यांसाठी हा लेख आहे. एकट्यानं बाईक चालवता येणं आणि दहा-बारा जणांत चालवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी कुणी शिकवत नाही.

भंवरकुआं हा कोचिंग क्लासचा चौक. स्पर्धा परीक्षांची पोरं पहाटेपासून चहा-पोह्याच्या गाड्यांवर असतात, त्यामुळे साडेपाचला जमलं तरी काही खायला मिळतं. २०२१ च्या शेवटी मध्य प्रदेश सरकारनं या चौकाला टंट्या भिल्लांचं नाव दिलं. टंट्या मामा निमाडातले, इंग्रजांना त्यांनी या डोंगरांतून आणि पार आपल्या खानदेशापर्यंत पळवलं. म्हणजे चौकाचं नवं नाव आणि आपली वाट एकाच मुलखातली. बोलताना मात्र सगळे अजून भंवरकुआंच म्हणतात.

चौकात फोटो काढण्याआधी एक काम करायचं: गाड्या मोजायच्या आणि आकडा प्रत्येकाला मोठ्यानं म्हणायला लावायचा. अकरा तर अकरा. का, ते पुढं सांगतो.

मागच्याला पळावं का लागतं?

गटातल्या अपघातांबद्दल बोलताना लोक म्हणतात, मागचा पोरगा फार जोरात चालवत होता. खरं असतं ते, पण अर्धंच. तो जोरात का चालवत होता, हे बघायला पाहिजे.

बारा गाड्या ६० च्या वेगानं एका ओळीत चालल्यात असं समजा. ६० चा वेग म्हणजे सेकंदाला साधारण सतरा मीटर. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं हा साधा नियम. म्हणजे दोन गाड्यांत तेहेतीस-चौतीस मीटर, आणि पहिल्यापासून बाराव्यापर्यंत जवळपास ३७० मीटर. आता गावाजवळ स्पीडब्रेकर आला. लीडर हळू झाला, उतरला आणि लगेच पुन्हा ६० वर गेला. बारावा अजून ब्रेकरपर्यंत पोचलेला नाही. प्रत्येकजण समोरचा सुटलेला दिसल्यावर सुटतो, म्हणजे दर गाडीमागं एखादा सेकंद आणखी जातो. ब्रेकर पार होईस्तोवर शेवटच्याला नेहमीपेक्षा दोनशे मीटर जास्तीचं अंतर पडलेलं असतं. ते भरून काढायला, पुढचे ६० नं चालले असताना, त्याला ८० नं जवळजवळ आठशे मीटर पळावं लागतं. गावाला लागून, जिथं शाळा, बैलगाडी आणि पाणी भरायला निघालेल्या बाया असतात तिथंच. पुढच्या गावात पुन्हा तेच. या रस्त्यावर ब्रेकर किती आहेत, ते मोजायचं सोडून द्या.

मागच्याचा वेग असा पुढच्याच्या उजव्या मनगटात असतो. म्हणून लीडरसाठी एकच नियम खरा महत्त्वाचा आहे: गाव, ब्रेकर, फाटक, ओव्हरटेक, काहीही पार झालं की पुढचा एखादा किलोमीटर ४०-४५ वरच राहायचं. आरशात शेवटचा हेडलाइट दिसला की मग वेग धरायचा. लीडरला हे कंटाळवाणं वाटतं. ज्याला फार कंटाळवाणं वाटतं त्याला लीडर करू नये.

दुसरं, सगळ्यात नवखा किंवा सगळ्यात लहान इंजिनची गाडी लीडरच्या लगेच मागं ठेवायची. आपल्याकडे उलट करतात. नवख्याला म्हणतात, तू आरामात ये मागनं. त्यानं तो बरोबर त्या जागी जातो जिथं सगळ्यात जास्त पळावं लागतं. मागं राहायचं ते सगळ्यात अनुभवी माणसानं. त्याला स्वीप म्हणतात. पंक्चर किट, प्रथमोपचाराची पेटी, जादा क्लच वायर त्याच्याकडे. तो कुणालाही ओलांडत नाही, आणि कुणी थांबलं की त्याच्याजवळ थांबतो.

आणि बारा गाड्यांचा एक गट करूच नये. चार-पाचाचे दोन-तीन करावेत, मध्ये काही मिनिटांचं अंतर. मागून येणाऱ्या बसला किंवा ट्रकला चार गाड्या ओलांडून मध्ये शिरता येतं, बारा ओलांडता येत नाहीत. मग तो हॉर्न वाजवत अंगावर येतो आणि आपण त्याला शिव्या देतो. इंटरनेटवरच्या व्हिडिओत दिसते ती तिरकी ओळ, एक गाडी उजवीकडे आणि एक डावीकडे, ती चांगल्या रुंद रस्त्यावर ठीक. घाटात, वळणावर, गावात आणि खराब रस्त्यावर सरळ एकामागे एक.

सनावदचा फाटा

हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही अकरा गाड्या घेऊन याच वाटेनं निघालो होतो. मोरटक्क्याला नर्मदेचा पूल ओलांडला, तोवर सगळे होते. रावेरखेडीला जायचं तर सनावदहून सरळ न जाता खरगोनच्या रस्त्याला वळून बेडियामार्गे जावं लागतं. लीडर वळला, त्याच्यामागं दिसणारे वळले. बेडियाच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा कुणीतरी म्हणालं, दहाच दिसतात. कुणी म्हणालं, तो पुढं गेला असेल. कुणी म्हणालं, पेट्रोल भरत असेल. फोन लागत नव्हता.

पाऊण तासानं त्याचाच फोन आला. तो सरळ देशगावच्याही पुढं गेला होता. सनावदच्या गर्दीत त्याला पुढं तीन-चार बाईकस्वार दिसले, जॅकेट-हेल्मेटवाले, ते आपलेच समजून तो त्यांच्यामागं लागला. ते दुसरेच कुणी होते. त्याची गाडी १२५ सीसीची, आणि तो आम्हाला गाठायला म्हणून तिला शंभरच्या जवळ पळवत होता. एका ठिकाणी उसाची ट्रॉली अंधाऱ्या झाडीतून अचानक रस्त्यावर आली, तो कसाबसा मातीत उतरला. पडला नाही. आमच्यावर चिडलाही नाही. "तुमच्यामागंच तर होतो," एवढंच म्हणाला. तो आमच्यातला सगळ्यात नवखा होता आणि त्याला मागं ठेवणारे आम्हीच.

त्यानंतर आम्ही वळणाचा माणूस ठेवतो. जिथं रस्ता बदलतो तिथं लीडरच्या लगेच मागचा स्वार बाजूला, डांबराच्या खाली, सुरक्षित जागी थांबतो आणि हातानं दिशा दाखवतो. स्वीप येईपर्यंत तो हलत नाही, अर्धा तास लागला तरी. स्वीप आला की त्याच्या पुढं राहून निघतो. पुढच्या वळणाला त्या वेळी लीडरच्या मागं जो असेल तो थांबतो. नवख्याची पाळी आली तर त्याच्यासोबत आणखी एकजण थांबतो. या पद्धतीला फोन लागत नाही, रेंज लागत नाही, आणि कुणालाही कुणाच्या मागं पळावं लागत नाही. सोबत दुसरा नियम: हरवलात तर शोधायला निघू नका, आहे तिथं थांबा. मागं कुणीतरी येणारच.

भेरूघाट

सिमरोल सोडलं की माळव्याचं पठार संपतं आणि रस्ता भेरूघाटानं चोरलकडे उतरतो. भेरू म्हणजे आपला भैरव. या घाटाचं नाव अपघातांच्या बातम्यांत वर्षानुवर्षं येतं. मालानं भरलेले ट्रक उतारावर ब्रेक तापवत येतात, आणि चढणारे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगतात. महामार्गाच्या चौपदरीकरणात इथं बोगदे धरलेत. काम सुरू झाल्यापासून वळवलेले रस्ते, खडी आणि धूळ हे वाटेचाच भाग झालेत, तेव्हा कुणी मागच्या वर्षी सांगितलेल्या रस्त्यावर विसंबू नका.

घाटात ओव्हरटेकचा मोह आवरण्यासाठी एक गणित पाठ करून ठेवा. ट्रक ४० नं चाललाय, तुम्ही ६० नं. त्याच्या मागून निघून पुढं सुरक्षित अंतरावर यायला साधारण साठ मीटरची आघाडी घ्यावी लागते, त्याला अकरा सेकंद जातात. तेवढ्यात तुम्ही १८० मीटर पुढं गेलेले असता, आणि समोरून ६० नं येणारी गाडीही १८० मीटर जवळ आलेली असते. म्हणजे समोरचा रस्ता किमान ३६० मीटर मोकळा दिसायला हवा. भेरूघाटात असा तुकडा शोधून दाखवा! आणि पुढचा गेला म्हणून मागच्यानं जायचं नाही. पुढच्याला जो रस्ता मोकळा दिसला तो तुम्ही निघेस्तोवर मोकळा राहिलेला नसतो. मित्राच्या हाताच्या खुणेवरही विसंबायचं नाही, प्रत्येकानं आपल्या डोळ्यांनी बघायचं.

उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर नको, आणि पेट्रोल वाचवायला म्हणून इंजिन बंद करणं तर अजिबातच नको. डिसेंबरात इंदूरहून निघताना बोटं आखडतात. बडवाहला पोचेपर्यंत निमाडाचं ऊन लागतं आणि सगळे जॅकेटच्या चेन उघडतात. पहिला मोठा थांबा तिथंच घ्यावा. थांबायचं ठिकाण सगळ्यात तरबेज माणसाच्या दमावर ठरवू नये, सगळ्यात छोट्या टाकीवर आणि सगळ्यात दुखऱ्या पाठीवर ठरवावं.

रस्ता गावाचा आहे

बेडिया मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. हंगामात लाल मिरची वाळत घातलेली दिसते, आणि हवेनं हेल्मेटच्या आत डोळ्यांतून पाणी येतं. वर माळव्यात सोयाबीन, इकडे कापसाच्या ट्रॉल्या, बुऱ्हाणपूर-रावेरच्या पट्ट्यात केळीचे ट्रक. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागं दिवा असेलच असं नाही. म्हणून अंधार पडायच्या आत गाड्या उभ्या झाल्या पाहिजेत, हे आधी ठरवून मग सकाळची वेळ काढायची. कुणाचं धान्य रस्त्याच्या कडेला पसरलेलं असेल तर त्यावरून गाडी घालायची नाही, फोटोसाठी तर नाहीच. हिवाळ्यात नर्मदेच्या आसपास परिक्रमावासी चालताना दिसतात, त्यांत मराठी माणसं बरीच असतात. त्यांच्याजवळून जाताना हॉर्न न वाजवता वेग कमी करा, थांबून "नर्मदे हर" म्हटलंत तर आणखी चांगलं. श्रावणात मात्र ही राईड ठेवूच नका. ओंकारेश्वरहून निघणाऱ्या कावडियांनी रस्ता भरलेला असतो आणि वाहतूक वळवली जाते.

बुऱ्हाणपूरला मांडे आणि मावा जिलेबी होतेच, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. फक्त जेवल्यावर लगेच निघू नका. दुपारी दोन ते चार डोळा लागतो, आणि बाईकवर लागलेला डोळा उघडायला वेळ मिळत नाही.

रावेरखेडीला नर्मदेकाठी थोरल्या बाजीरावांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० ला ते इथंच गेले. त्यांच्या घोडदळाचा दबदबा होता तो कमी सामान आणि लांब मजल यासाठी, हे आपण सगळे शाळेत शिकलो. तरी दोन दिवसांच्या राईडला चार बॅगा बांधणारे लोक मी पाहिलेत. मागच्या सीटवर बांधलेलं जड, उंच सामान वळणावर गाडी हलवतं. रेनकोट, पाणी, औषधं, एक कपड्याचा जोड, बस.

हद्द ओलांडताना वेगळा परवाना लागत नाही, पण लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी चालू हवेत. डिजिलॉकरमधली प्रत चालते. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्याला, दोघांनाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नं बंधनकारक आहे. इंदूरच्या गल्लीत कुणी घालत नाही, हे कारण रस्त्यावर डोकं आपटल्यावर चालत नाही.

आणि अपघात झालाच तर ११२ किंवा १०८, दोन्ही राज्यांत. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल तरच, आणि तेही दोघांनी मान धरून. एकानं मागं, एकानं पुढं जाऊन वाहतूक थांबवायची, बाकीच्यांनी गाड्यांसकट रस्त्याच्या खाली उतरायचं. कुणी गावकरी मदत करत असेल तर त्याला सांगा, कायद्यानं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, त्याच्यावर काही येणार नाही. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार, नेमून दिलेल्या रुग्णालयांत. पैशासाठी फोनाफोनी करण्यात पहिला तास घालवू नका.

मागच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो, अकराच गाड्या, तीन गटांत. तो १२५ सीसीवाला या वेळी लीडरच्या मागं होता. सनावदच्या फाट्यावर वळणाचा माणूस म्हणून थांबायची पाळी त्याचीच आली, आणि तो मला वाटतं वीसेक मिनिटं उन्हात उभा राहिला, हात त्याच दिशेला धरून. इच्छापूर मागं टाकून मुक्ताईनगरला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. हेल्मेट काढायच्या आधी त्यानंच मोजायला सुरुवात केली. दहापर्यंत आला, थांबला, मागं वळून बघितलं. स्वीपचा हेडलाइट वळणावरून येत होता.