बैलजोडीची वाटणी

२६ एप्रिल २०२४ ला राळेगावच्या मतदान यंत्रावर धनुष्यबाणही होता आणि मशालही. यवतमाळ-वाशीमच्या मतदाराने २००९ पासून तीन लोकसभांना भावना गवळींच्या नावापुढे धनुष्यबाण पाहिला होता. आता तो राजश्री पाटलांच्या नावापुढे आणि मशाल संजय देशमुखांच्या. एकाच शिवसेनेतून निघालेले दोन गट समोरासमोर.

चिन्ह कुणाचं, हे ठरतं कसं? इकडे भाऊ वेगळे निघाले की वावरात नवा धुरा पडतो आणि जोडीतला एकेक बैल एकेकाच्या गोठ्यात जातो. चिन्हाचं तसं होत नाही. नवल म्हणजे हे ठरलं ते बैलजोडीवरूनच! जुवाला जुंपलेले दोन बैल हे काँग्रेसचं पहिल्या निवडणुकीपासूनचं चिन्ह. १९६९ मध्ये पक्ष फुटला. जानेवारी १९७१ मध्ये निवडणूक आयोगाने जोडी जगजीवनराम यांच्या, म्हणजे इंदिरा गांधींच्या बाजूला दिली. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्या वर्षीची लोकसभा निवडणूक त्यांना गाय-वासरावर लढावी लागली. नोव्हेंबरमध्ये सादिक अली खटल्याचा निकाल आला. चिन्ह ही मालमत्ता नव्हे, ते सहमालकांत वाटता येत नाही. खरा पक्ष कोणता एवढंच ठरवायचं, आणि तिथे बहुमत पाहायचं.

तेच माप १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेला लागलं. आयोगाने नुसती डोकी मोजली नाहीत, त्यांच्यामागची मतंही मोजली. ५५ पैकी ४० आमदार एकनाथ शिंदेंकडे होते, आणि २०१९ मध्ये या ५५ जणांना मिळालेल्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के त्या ४० जणांची होती. धनुष्यबाण शिंदेंना मिळाला. इथे मी दर वेळी थबकतो. २०१९ मध्ये बटण दाबून घरी गेलेल्या माणसाचं मत तीन वर्षांनी पुन्हा तराजूत पडलं, आणि त्याला कुणी विचारलंही नाही! मला हे माप अपुरं वाटतं. यवतमाळ-वाशीममध्ये पुढे मशाल सुमारे ९४ हजार मतांनी जिंकली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेला राळेगावात अशोक उईकेंचं कमळ आणि वसंत पुरकेंचा पंजा समोरासमोर आले. ही चिन्हंही फुटीतूनच आलेली. जनता पक्षातून वेगळं झाल्यावर १९८० मध्ये भाजपला कमळ मिळालं. काँग्रेस १९७८ मध्ये पुन्हा फुटली, गाय-वासरू गोठलं आणि इंदिरा गांधींनी पंजा घेतला. पण तो पंजाही नवा नव्हता. १९५१-५२ मध्ये तो नागपूरचे कामगार नेते रा. स. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉककडे होता. आणि तो फॉरवर्ड ब्लॉकसुद्धा तेव्हा फुटलेलाच होता: दुसऱ्या गटाकडे सिंह होता.