आनंदाच्या तालावरचं बंड

१९७० साली ब्राझीलमध्ये एका सांबाची रेकॉर्ड बाजारात आली. वरवर ऐकलं तर ते भांडणाचं गाणं: आज तुझी मनमानी चालतेय, पण तिचा हिशेब तुला द्यावाच लागेल. प्रियकर-प्रेयसीचं बिनसलं असावं, असं समजून सेन्सॉरने ते मंजूर केलं. लोकांना मात्र यातला ‘तू’ कोण, हे सांगावं लागलं नाही. रेकॉर्डच्या सुमारे लाखभर प्रती खपल्या.

गाण्याचं नाव ‘आपेझार जी व्होसे’, म्हणजे आपल्याकडचं ‘तुझ्या नाकावर टिच्चून’! ते रचणारे शिकू बुआर्की नुकतेच इटलीहून मायदेशी परतले होते. १९६४ पासून देश लष्कराच्या ताब्यात होता. डिसेंबर १९६८ च्या एका फर्मानाने संसद बंद पाडली होती आणि राजकीय कैद्यांचा कोर्टात दाद मागण्याचा हक्क काढून घेतला होता. अशा काळात हे गाणं शोक करत नाही. ते चक्क नाचायला लावतं!

ही किमया सांबाच्या तालातच आहे. सुर्दू नावाचा मोठा ढोल नीट ऐका. दोन मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेला वादक हाताने कातडं दाबतो, आवाज कोंडतो. दुसऱ्या मात्रेला तोच ढोल मोकळा घुमतो. जोर नेहमी पुढच्या मात्रेवर, म्हणून पाय थांबतच नाहीत. हा ताल घडवला तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी. गुलामी १८८८ साली संपली, तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओचे पोलीस सांबावाल्यांच्या मागे लागतच होते. दडपणाखाली आनंद जपायची सवय या संगीताला जन्मापासूनची!

गाण्याचा रोख लक्षात आल्यावर सरकारने त्यावर बंदी घातली. सैनिकांनी रेकॉर्ड कंपनीच्या कारखान्यात शिरून उरलेल्या प्रती नष्ट केल्या. हा ‘तू’ कोण, असं चौकशीत विचारलं, तेव्हा बुआर्कींनी सांगितलं, एक फार हुकूम सोडणारी बाई! पण लाखभर घरांतून आणि लोकांच्या तोंडून गाणं कोण जप्त करणार? १९७८ साली त्यांच्या नव्या अल्बममध्ये ते उघडपणे परतलं. पुढच्याच वर्षी एलिस रेजिनाच्या आवाजातला ‘ऊ बेबादू ई आ एकिलिब्रिस्ता’ हा सांबा परागंदा झालेल्यांच्या घरवापसीच्या मागणीचं गाणं झाला आणि ऑगस्ट १९७९ मध्ये माफीचा कायदा आला. १९८५ साली लष्करी राजवट संपली.

हे दोन्ही सांबा मिळवून जरूर ऐका. पोर्तुगीज येत नसेल तरी हरकत नाही. माणसं धीर कशी धरतात, ते त्यांचा ताल सांगतो. आशा जिवंत ठेवायची तर ती एकट्याने मनात जपून भागत नाही, चारचौघांत गावी लागते.