झाकली मूठ पंधरा अक्षरांची

स्टीम या कॉम्प्युटर खेळांच्या ऑनलाइन दुकानाची की पंधरा अक्षरांची असते. पाच-पाचचे तीन गट, मधे दोन आडव्या रेघा, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची सरमिसळ. ती कॉपी करायची, स्टीमच्या ‘गेम्स’ मेनूत जाऊन ॲक्टिव्हेशनच्या चौकटीत पेस्ट करायची, अटी मान्य करायच्या. खेळ लायब्ररीत जमा. मिस्ट्री बंडलमध्ये गिऱ्हाईक हीच अक्षरं विकत घेतं, फक्त त्यांच्यामागे कोणता खेळ दडलाय ते पैसे भरून झाल्यावर कळतं. एक घ्या, पाच घ्या, दहा घ्या. जास्त घेतल्या तर दर उतरत जातो.

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, दोन मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याने दहा कीजचा संच घेतला तेव्हा मी मुद्दाम त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलो. मला खेळांपेक्षा ही खरेदी कशी होते ते बघायचं होतं. त्याला एक की डॉलरच्या आत-बाहेर पडली होती. ऑर्डरच्या पानावर दहा चौकोन, प्रत्येकावर प्रश्नचिन्ह. पहिला चौकोन उघडला तेव्हा निघाला एका जुन्या वाड्यात लपलेल्या वस्तू शोधण्याचा खेळ. भाच्याने की लगेच वापरली नाही. आधी त्या खेळाचं स्टीमवरचं पान उघडलं आणि त्याची नजर ठरलेल्या वाटेने फिरली: रिव्ह्यूचा रंग निळा की पिवळट, खेळ कोणत्या वर्षीचा, दोन स्क्रीनशॉट, डाउनलोड किती जीबीचं. एका खेळाचा निकाल लागायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नव्हतं.

पुढचे चौकोन भराभर उघडले. पिक्सेलवाला उड्या मारण्याचा खेळ. तसलाच आणखी एक. मग एक चकचकीत चित्राचा, आणि खाली सूचना की व्हीआर हेडसेट असल्याशिवाय चालणार नाही. “मामा, हेडसेट कुठून आणू आता? खेळापेक्षा तोच चाळीस-पन्नास हजाराचा,” भाचा म्हणाला आणि पुढे सरकला. त्यानंतरचा खेळ त्याच्याकडे आधीपासूनच होता. ही की वाया जात नाही, कारण न वापरलेली अक्षरं दुसऱ्या कुणालाही देता येतात. त्याने ती मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि त्याचा हात परत माउसवर जायच्या आत कोणीतरी घेतलीही. आठव्या की नवव्या चौकोनात जमिनीखाली वस्ती उभारण्याचा एक छोटा, नीट घडवलेला खेळ निघाला. तो त्याने तिथेच इन्स्टॉलला लावला. बाकीचे “असू दे” म्हणत लायब्ररीत भरले गेले.

उघडण्याची ती दहा-पंधरा मिनिटं खरोखर मजेची होती. आतल्या खोलीतून दोघं रूममेट येऊन पाठीमागे उभे राहिले, प्रत्येक चौकोनाआधी अंदाज बांधू लागले. या बंडलमध्ये जे विकलं जातं त्यात हे पहिलं येतं, आणि त्यात खोटं काही नाही. पण खेळ घ्यायला आलेल्याने ही मजा आणि खेळ यांचा हिशेब वेगवेगळा मांडला पाहिजे.

मला जास्त कुतूहल होतं ते या कीज येतात कुठून याचं. स्टीम चालवणारी व्हॉल्व्ह ही कंपनी खेळ बनवणाऱ्यांना त्यांच्या खेळाच्या कीज फुकट काढून देते. त्या बाहेरच्या दुकानात विकल्या तर व्हॉल्व्हचा एरवीचा ३० टक्क्यांच्या घरातला हिस्साही त्यावर लागत नाही. फॅनॅटिकल हे इंग्लंडमधलं दुकान २०१७ पर्यंत बंडल स्टार्स या नावाने चालायचं; त्यासारखी दुकानं प्रकाशकांशी करार करून अशा कीज घेतात आणि त्यांचे संच बांधतात. यात कुठेही गोदाम नाही, पडून राहिलेला माल नाही. जपानमध्ये नववर्षाला दुकानं फुकुबुकुरो नावाच्या बंद पिशव्या विकतात. आत काय आहे ते ठाऊक नसतं, पण ते किमतीपेक्षा जास्तीचं असणार हे गृहीत असतं. तिथे दुकानदाराला फळ्या रिकाम्या करायच्या असतात, हे कळण्यासारखं आहे. कीला फळीच लागत नाही, आणि आणखी एक की काढायला काही खर्चही येत नाही. मग ती झाकून विकायची गरज कोणाला?

संध्याकाळी मंडई उठताना भाजीवाली वाटे लावते. दहा रुपयांत वांगी, दोन मिरच्या, थोडी मऊ पडलेली टोमॅटो. तो वाटा स्वस्त असतो आणि उघडा असतो; मऊ टोमॅटो आपल्याला दिसतं आणि ते पाहूनच आपण घेतो. खेळांच्या बाजारात असा उघडा वाटा लावणं प्रकाशकाला महागात पडतं. इझ-देअर-एनी-डील किंवा स्टीमडीबी यांसारख्या साइट प्रत्येक खेळाच्या किमतीचा इतिहास ठेवतात. एखादा खेळ एकदा ऐंशी रुपयांना मिळाला तर तो आकडा तिथे कायमचा चिकटतो आणि शहाणी गिऱ्हाइकं पुन्हा त्या आकड्याची वाट बघत बसतात. बंद संचात मात्र खेळाचं नाव आणि किंमत कधीच शेजारी येत नाहीत. खेळ कवडीमोलाने गेला, पण कोणत्या खेळाचं मोल कवडी झालं हे बाहेर दिसलं नाही. झाकणाचा फायदा पहिल्यांदा प्रकाशकाला, मग दुकानाला, असं माझं स्वच्छ मत आहे. गिऱ्हाइकाला त्यातून मिळतो तो स्वस्त दर, पण त्यासाठी निवड सोडून द्यावी लागते.

आणि निवड सोडून द्यायची म्हणजे कशातली, तेही बघायला हवं. २०१७ मध्ये व्हॉल्व्हने स्टीम डायरेक्ट सुरू केलं, तेव्हापासून शंभर डॉलर भरून आणि थोडी तपासणी पार करून कुणालाही खेळ विक्रीला ठेवता येतो. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून अधिक खेळ आले. त्यात चार मुलांनी जीव ओतून केलेलं सुंदर कामही आहे, आणि विकत घेतलेल्या तयार चित्रांची जोडाजोड करून आठवड्यात उभा केलेला खेळही आहे. स्टीम डायरेक्टच्या आधी तर काही जण खेळ विकण्यासाठी बनवतच नव्हते. खेळ चालू ठेवला की खात्यात ट्रेडिंग कार्ड पडतात आणि ती बाजारात विकता येतात, म्हणून हजारो कीज काढून बॉट खात्यांना वाटल्या जायच्या. व्हॉल्व्हने २०१७ च्या मे महिन्यात कार्डांचे नियम बदलले आणि त्याच वर्षी विक्रीच्या मानाने अवाच्या सवा कीज मागणाऱ्यांना नकार द्यायला सुरुवात केली. तरी तळाचा हा ढीग मोठाच आहे. डॉलरभराच्या बंद कीमागे काय असण्याची शक्यता जास्त, ते यावरून ताडता येतं.

निदान करार केलेल्या दुकानातून घेतलेली की खरी असते. कोणीही येऊन कीज मांडू शकेल अशा खुल्या बाजारातल्या ‘रँडम की’बद्दल तेवढंही म्हणता येत नाही. चोरीच्या कार्डाने कीज विकत घ्यायच्या, तिथे विकायच्या, आणि कार्डवाल्याने तक्रार केली की नुकसान खेळ बनवणाऱ्याने सोसायचं, हा जुना धंदा आहे. प्राग शहरातल्या वूब सॉफ्टवेअरने, म्हणजे ‘फॅक्टोरिओ’ बनवणाऱ्यांनी, हा विषय जीटूए या बाजाराशी चिकाटीने लावून धरला. शेवटी २०२० मध्ये १९८ चोरीच्या कीजपोटी जीटूएने त्यांना सुमारे ४० हजार डॉलर भरपाई दिली. अशी की पुढे रद्द झाली तर खेळ लायब्ररीतून जातो आणि पैसे गिऱ्हाइकाचे बुडतात. इथे ‘परवडतं का’ हा प्रश्नच येत नाही. घेऊ नये.

आता जाहिरातीतल्या आकड्याकडे येऊ. ‘तीनशे डॉलरपर्यंतचे खेळ’ असं लिहिलेलं असतं. ही बेरीज मूळ किमतींची असते, आणि ती किंमत कोणी मोजत नाही. जून अखेरचा उन्हाळी आणि डिसेंबर अखेरचा हिवाळी, असे स्टीमचे मोठे सेल ठरलेले आहेत; जुने छोटे खेळ त्यात ८०-९० टक्के सवलतीत सर्रास मिळतात. मिस्ट्री कीची तुलना त्या किमतीशी करायची. आपल्याकडे तर हिशेब आणखी बदलतो. २०१५ च्या नोव्हेंबरपासून स्टीमवर भारतासाठी रुपयांत किमती आहेत, आणि बऱ्याच खेळांची रुपयांतली किंमत डॉलरच्या सरळ रूपांतरापेक्षा खाली ठेवलेली असते. मिस्ट्री बंडल डॉलरमध्ये घेतलं तर त्यावर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क आणि बऱ्याचदा १८ टक्के जीएसटी चढतो. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला जी की निम्म्याने स्वस्त पडली, ती इथे सेलमधल्या रुपयांच्या किमतीएवढी होऊन बसते. शिवाय स्टीमवर घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. बाहेरून आणलेल्या कीला ही सोय नाही. माझ्या मते हा परतीचा हक्कच भारतीय गिऱ्हाइकाची सगळ्यात मोठी सवलत आहे, आणि बंद संच घेताना आपण तो सोडून देतो.

बंद पाकिटातून चांगलं कधी निघतच नाही असं मात्र नाही. हम्बल बंडल या दुकानाने २०१५ च्या ऑक्टोबरात हम्बल मंथली सुरू केलं. महिन्याला बारा डॉलर. एखाददुसरा खेळ आधीच जाहीर करून हातात द्यायचा आणि बाकीचे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी उघडायचे. जाहीर केलेला खेळ दणदणीत असे. २०१८ च्या फेब्रुवारीत तर ‘सिव्हिलायझेशन ६’ होता, मूळ किंमत ६० डॉलर. त्या एकाच खेळासाठी बारा डॉलर वसूल व्हायचे, म्हणून न दिसणारे बाकीचे लोक आनंदाने घ्यायचे. पाकीट बंद होतं, पण बारा डॉलरचं सोनं पाकिटाबाहेर ठेवलेलं होतं. एवढं करूनही २०१९ च्या डिसेंबरात हम्बलने हा प्रकार बंद केला आणि हम्बल चॉईस आणलं, ज्यात सगळी यादी आधी दिसते. चार वर्षं गूढ विकून झाल्यावर ज्यांनी ते सोडलं, त्यांच्या अनुभवाला मी जाहिरातीपेक्षा जास्त वजन देतो.

फुकटच्या गूढाची गोष्ट निराळी. एपिक गेम्स स्टोअर डिसेंबरमध्ये रोज एक झाकलेला खेळ वाटतं; २०२० च्या मे महिन्यात झाकणाखालून ‘जीटीए ५’ निघाला तेव्हा गर्दीने त्यांची साइट कोलमडली होती. तिथे आपला जातो तो फक्त एक क्लिक.

या सगळ्यापेक्षा मला एक आकडा महत्त्वाचा वाटतो. स्टीम वर्षाच्या शेवटी प्रत्येकाला त्याच्या खेळण्याचा आढावा दाखवतं. २०२४ च्या आढाव्यात स्टीमवरच्या मधोमधच्या खेळाडूने वर्षभरात चार खेळ खेळलेले दिसतात. दहा कीजचा एक संच म्हणजे अशा माणसाची अडीच वर्षांची बेगमी, आणि तीही त्याने न निवडलेली. माझ्या भाच्याच्या लायब्ररीत खाली सरकत गेलं तर कधीही न उघडलेल्या खेळांची करडी रांग लागते. त्याची विशलिस्टही तशीच लांब आहे, आणि तिच्यातले दोन खेळ त्या संचाच्या पैशांत पुढच्या सेलला आले असते. ज्याला काय खेळायचंय ते माहीत आहे, त्याने तेच घ्यावं. मिस्ट्री बंडल त्याच्यासाठी नाही.

ते कोणासाठी आहे हे मला नंतर बहिणीच्या घरी दिसलं. २०२४ च्या सप्टेंबरात स्टीम फॅमिलीज आलं; एका घरातली सहा माणसं आपल्या लायब्रऱ्या एकत्र करू शकतात. एकाच प्रतीवर दोघांना एका वेळी तोच खेळ खेळता येत नाही, पण वेगवेगळे खेळ खेळता येतात. अशा घरात बंद संचाचा हिशेब पार बदलतो. भाच्याने अर्ध्या मिनिटात बाजूला टाकलेला वाड्यातला खेळ ताईला सापडला. रोज जेवणं आटोपली की ती जुन्या लॅपटॉपवर तासभर त्या वाड्यातल्या किल्ल्या आणि फुटके आरसे शोधत बसते. उड्या मारण्याचा खेळ धाकट्या भाचीने घेतला. नवा कॉम्प्युटर, मोकळी लायब्ररी, आवडीनिवडी अजून ठरलेल्या नाहीत आणि खेळणारे हात जास्त, अशा ठिकाणी डॉलरभराची की आपलं मोल देऊन जाते. ताईला त्या खेळाचे पुढचे भाग हवे होते. ते तिने स्टीमवर नावानिशी शोधले, विशलिस्टला लावले आणि हिवाळी सेल कधी लागतो ते भाच्याला फोन करून विचारलं.