मुक्काम पोस्ट : दुसऱ्याचं शरीर

विदर्भात हत्तीरोगाच्या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी गावात शिरतात ते रात्री. जेवणं आटोपून माणसं आडवी झालेली असतात, तेव्हा दार वाजतं आणि बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला जातो. दिवसा का येत नाही, असं लोक विचारतात आणि ते रास्तच आहे. पण ही वेळ कुठल्या साहेबानं ठरवलेली नाही, ती एका कृमीनं ठरवली आहे.

वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हे त्याचं नाव. मादी सुतासारखी बारीक, आठ-दहा सेंटिमीटर लांब. नर तिच्या निम्म्याहूनही लहान. लसिकावाहिन्यांत ही जोडपी वर्षानुवर्षं संसार करतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्लं रक्तात उतरतात. दिवसभर ही पिल्लं मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून असतात. मध्यरात्रीच्या सुमारास मात्र ती कातडीजवळच्या रक्तात गर्दी करतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. पॅसिफिकमधल्या काही बेटांवर हे काम दिवसा चावणारे एडिस डास करतात, म्हणून तिथल्या कृमीची पिल्लं दिवसाही रक्तात सापडतात. १८८१ मध्ये लंडनमध्ये एका रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागं ठेवलं, तेव्हा काही दिवसांत पिल्लांचं वेळापत्रकही उलटं झालं.

हा कृमी परजीवी आहे, म्हणजे ज्याच्या जिवावर जगायचं त्याचं नुकसान करणारा जीव. ज्याच्यावर तो जगतो तो यजमान. ऊ आणि गोचीड अंगावर राहतात, ते बाह्यपरजीवी. जंत आत राहतात, ते अंतःपरजीवी. शाळेत शिकवलं जातं ते साधारण इतकंच. पण खाणंपिणं ही परजीवीची मोठी अडचण नसतेच. यजमान आज ना उद्या मरणार, त्याआधी आपली संतती दुसऱ्या यजमानापर्यंत कशी पोचवायची, हा त्याचा खरा घोर.

परजीवी वनस्पतींनाही हा घोर सुटलेला नाही. आंब्यावरच्या बांडगुळाचं फळ फुलटोच्या हा चिमुकला पक्षी खातो. बी इतकं चिकट, की विष्ठेतून बाहेर पडल्यावरही पक्ष्याला ते फांदीवर घासून काढावं लागतं. पेरणी झाली! बांडगुळाला हिरवी पानं असल्यानं अन्न ते स्वतः बनवतं, आंब्याकडून फक्त पाणी आणि क्षार घेतं. म्हणून ते अर्धपरजीवी. पिवळी अमरवेल मात्र जवळजवळ सगळंच यजमानाकडून ओरबाडते.

काहींना एक यजमान पुरत नाही. परजीवी जिथे प्रौढ होऊन लैंगिक प्रजनन करतो तो अंतिम यजमान, वाढीचा आधीचा टप्पा जिथे काढतो तो मध्यस्थ. हत्तीरोगात अंतिम यजमान माणूस आणि मध्यस्थ डास. मलेरियाच्या परजीवीचं मीलन मात्र डासाच्या पोटात होतं, त्यामुळे तिथे हिशेब उलटा : अंतिम यजमान डास आणि माणूस नुसता मध्यस्थ. रोग आपला, दवाखान्याचा खर्च आपला, आणि मान डासाला!

नारू या कृमीची चाल याहून क्रूर. सायक्लोप्स नावाच्या पाणपिसवेच्या पोटातली त्याची अळी पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाते. साधारण वर्षभरानं जवळपास मीटरभर लांबीची मादी बहुधा पायाच्या कातडीखाली येते आणि तिथे आग आग होणारा फोड उठतो. माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि मादीला तेच हवं असतं. पाण्याचा स्पर्श होताच ती हजारो अळ्या सोडते. पायऱ्या उतरून पाणी भरायच्या विहिरींनी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हा रोग वर्षानुवर्षं पोसला.

नारूवर लस नव्हती आणि त्याला मारणारं औषधही नव्हतं. तरी तो हरला, कारण माणसानं नेमकी त्याची वाट अडवली : पाणी कापडानं गाळलं, हातपंप बसवले, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, रुग्णाला पाण्यात उतरू दिलं नाही. भारतात शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. १९८६ मध्ये जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. २०२३ मध्ये १४.

तरीही काम संपलेलं नाही. आफ्रिकेतल्या चाड देशात २०१२ पासून कुत्र्यांच्या पायांतून नारू निघू लागला. तिथे आता गावकऱ्यांना कुत्रे पाण्यात उतरू नयेत म्हणून बांधून ठेवायला आणि त्यांनी खाऊ नयेत म्हणून माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरायला सांगितलं जातं.