खिडकी उघडून देणारा दुभाष्या

संगणकावरचा खेळ लिहायला बसलेल्या माणसाला राक्षस आणि तलवारी सुचण्याआधी एक रुक्ष काम उरकावे लागते: पडद्यावर रिकामी विंडो उघडणे. विंडोजमध्ये त्याची रीत एक, मॅकमध्ये दुसरी, लिनक्समध्ये तिसरी. आवाज, कीबोर्ड, जॉयस्टिक यांचीही तीच तऱ्हा. हा जाच स्वतःच्या अंगावर घेणारी लायब्ररी म्हणजे सिम्पल डायरेक्टमीडिया लेयर, म्हणजेच एसडीएल. खेळ फक्त तिच्याशी बोलतो. पुढे कोणत्या यंत्राशी कोणत्या भाषेत बोलायचे, ते ती पाहून घेते.

सॅम लँटिंगा यांनी ती १९९८ मध्ये सी भाषेत लिहिली. लवकरच ती लोकी सॉफ्टवेअर या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या कामी आली. विंडोजवर गाजलेले खेळ लिनक्सवर आणून विकणे हा लोकीचा धंदा. १९९९ मध्ये तिने ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’ आणला खरा, पण २००२ च्या सुरुवातीला कंपनीला टाळे लागले. एसडीएलचा सोर्स कोड खुला होता, त्यामुळे लोकीच्या दिवाळखोरीची झळ तिला बसली नाही.

हळूहळू ती भलतीकडेही रुजली. पायथनमध्ये खेळ लिहिण्याचे पायगेम तिच्यावर उभे राहिले, ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा खेळही. एफएफएमपेगचा एफएफप्ले हा छोटा प्लेअर चित्र आणि आवाज तिच्याच मार्फत बाहेर सोडतो.

ती गेम इंजिन मात्र नव्हे. चेंडू खाली पडावा, भिंतीवर आपटावा, हे तिला ठाऊक नाही. अक्षरांसाठीसुद्धा एसडीएल टीटीएफ ही वेगळी जोडलायब्ररी लागते, आणि तिच्यात अक्षरांची जुळणी करणाऱ्या हार्फबझची साथ नसेल तर ‘कि’ची वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. देवनागरीत खेळ करू पाहणाऱ्याने आधी एवढे तपासावेच.

२०१३ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा लँटिंगा व्हॉल्व्ह कंपनीत होते. एलजीपीएल हा अटींचा परवाना जाऊन अगदी सैल असा झेडलिब परवाना आला. आता लायब्ररी थेट खेळाच्या पोटात मुरवता येऊ लागली. पण मुरवलेली प्रत बदलायची कशी? यावरची तोड फार देखणी आहे. एसडीएल स्वतःच्या सगळ्या फंक्शनांना एका तक्त्यातून हाक मारते. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिला की तो तक्ता नव्या प्रतीकडे वळतो आणि खेळाला पत्ताही लागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये तिसऱ्या पिढीची पहिली स्थिर आवृत्ती, ३.२.०, आली. व्हल्कन, मेटल आणि डायरेक्टथ्रीडी १२ या ग्राफिक्सच्या व्यवस्था एकाच तऱ्हेने वापरू देणारी सोय तिच्यात आहे. फंक्शनांची नावे बदलली. पूर्वी शून्य म्हणजे यश होते, आता ‘ट्रू’ म्हणजे यश. जुन्या सवयीने शून्याची वाट पाहणारा प्रोग्राम सगळे सुरळीत होऊनही ‘चूक’ म्हणत बंद पडेल.

जुन्या प्रोग्रामांना वाऱ्यावर सोडलेले नाही. नव्या लिनक्सवर, डॉसचे खेळ चालवणाऱ्या डॉसबॉक्सच्या जुन्या बांधणीत १९९० चा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ लावला, की तो डॉसबॉक्स एसडीएल १.२ ला हाक मारतो. तिच्या जागी बसलेला थर ती हाक दुसऱ्या आवृत्तीकडे देतो. तिथेही तोतयाच बसलेला असला, तर हाक तिसरीकडे जाते. इतके हात बदलूनही राजपुत्र वेळेवर उडी मारतो.